तक्त्यात न मावणारे रंग

सोलमध्ये मी ज्या घरात भाड्याने राहत होते, त्या घराच्या मालकीणबाई सत्तरीच्या होत्या. सगळे म्हणत तसे मीही त्यांना 'हाल्मॉनी', म्हणजे आजी, म्हणत असे. छुसॉकच्या सणाच्या आदल्या दिवशी त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावले. कोवळ्या होबाक भोपळ्याच्या चकत्या पिठात घोळवून, अंड्यात बुडवून त्यांनी तव्यावर मांडल्या, उलथणे माझ्या हातात दिले आणि सांगितले, "नोरुन्नोरुत झाल्या की उलट."

'नोरान' म्हणजे पिवळा, एवढे मला येत होते. चकती पिवळी दिसली, मी उलटली. आजींनी ती पुन्हा पहिल्या अंगावर टाकली आणि थांबायला सांगितले. अंडे तर कच्चे असतानाही पिवळेच असते. त्यांना हवा होता तो पिवळा चकतीच्या कडेकडून आत सरकत येणारा, मधूनमधून तांबूस ठिपके असलेला, वास सुटल्यावरच दिसणारा होता. आपल्याकडे "कांदा गुलाबी होईपर्यंत परता" म्हणतात. तो गुलाबी कुणी रंगाच्या डबीत शोधत नाही, पण स्वयंपाक येणाऱ्या प्रत्येकाला तो ओळखता येतो. 'नोरुन्नोरुत' तशा जातीचा शब्द आहे. माझ्या पाठ्यपुस्तकात बारा रंगीत चौकोनांचा तक्ता होता, प्रत्येक चौकोनाखाली एक शब्द होता आणि तो तक्ता मला तोंडपाठ होता. हा शब्द त्यात नव्हता आणि असूही शकला नसता, कारण चौकोन भाजला जात नाही.

ही पुस्तिका त्या तव्यापाशी सुरू झाली. नंतर पुण्यात कोरियन शिकवताना दर वर्षी मला तेच दिसत गेले. विद्यार्थी पहिल्या महिन्यात रंग 'संपवतात', आणि पुढे दोन-तीन वर्षांनी मालिका पाहताना किंवा कथा वाचताना त्यांना उमगते की रंगांना आपला अजून हातही लागलेला नाही. कोरियन माणूस रंगाचे नाव क्वचितच नुसते घेतो. वस्तू रंगाने कशी वागते आहे आणि ते पाहून आपल्याला काय वाटते आहे, हे तो एका शब्दात सांगतो. म्हणून रंग शिकायचे ते व्याकरणातून आणि कानाने, अशी माझी ठाम समजूत आहे आणि पुस्तिकेची सगळी मांडणी तिच्यावर उभी आहे.

आधी व्याकरण. मराठीत आपण "आकाश निळे आहे" म्हणतो. निळे हे विशेषण, आणि वाक्य उभे राहते ते 'आहे'वर. कोरियनमध्ये "हानुरी फारेयो" एवढेच म्हणतात. 'हानुल' म्हणजे आकाश, आणि 'फारेयो' या एका शब्दात निळेपणही आले नि आहेपणही आले. कोशात त्याचे मूळ रूप 'फाराथा' असे सापडेल: निळे असणे. रंगाचा हा शब्द क्रियापदासारखा चालतो. काल आकाश निळे होते, तर 'फारेस्सॉयो'. निळे आकाश, तर 'फारान हानुल'. लाल असणे 'प्पालगाथा', लाल आहे 'प्पालगेयो', लाल झालेला चेहरा सांगायचा तर 'प्पालगेजिदा', आणि सफरचंद लाल होत पिकले तर ते 'प्पालगाखे' पिकले. मराठीतही हे बीज आहे. काळवंडणे, तांबारणे, हिरवळणे ही आपली क्रियापदे आठवून पाहा. आपल्याकडे ती मोजकी आहेत, तिकडे तो राजमार्ग आहे. आणि आपल्या विद्यार्थ्यांना एक मोठा दिलासा आहे: काळा, काळी, काळे, काळ्या असा लिंग-वचनाचा हिशेब तिथे मुळीच ठेवावा लागत नाही.

अशा चालणाऱ्या अस्सल कोरियन रंगांची संख्या पाचच आहे. पांढरा 'हायाथा', काळा 'क्कामाथा', लाल 'प्पालगाथा', पिवळा 'नोराथा' आणि निळा 'फाराथा'. पाचांच्याही पोटात शेवटी एक 'ह' दडलेला आहे. प्रत्यय लागला की तो कधी पुढच्या व्यंजनात मिसळतो, कधी नाहीसा होतो. 'चोथा' म्हणजे चांगले असणे, त्यातही असाच 'ह' आहे, पण तो लिहिताना कधी गळत नाही. रंगांचा गळतो. रंगांसारखा ज्यांचा 'ह' गळतो असा आणखी एक छोटा गट आहे, तो म्हणजे 'इरॉथा', 'कुरॉथा', 'ऑत्तॉथा'. अर्थ: असे असणे, तसे असणे, कसे असणे. हे जुळलेले पाहिले तेव्हा मला फार आनंद झाला होता. भाषेने रंगांना 'असा-तसा-कसा'च्या पंगतीत बसवले आहे. इतिहास पाहिला तर दोन्ही गट 'हादा' म्हणजे 'करणे' या क्रियापदाशी झालेल्या जोडातून आकसत आले. विद्यार्थ्याला इतिहास ठाऊक नसला तरी चालेल. पण 'ऑत्तेयो?' (कसे आहे?) आणि 'प्पालगेयो' (लाल आहे) यांची चाल एकच आहे, हे कानात बसले की अर्धे काम झाले.

आता या भाषेचा मला सर्वांत प्रिय असलेला भाग.

'प्पालगाथा'मधले दोन 'आ' काढून त्यांच्या जागी 'ऑ' ठेवा: 'प्पॉलगॉथा'. लाल तो लालच राहिला, पण उजेड बदलला. पहिला स्वच्छ, ताजा, नजरेला सुखावणारा आहे. दुसरा जड, गडद, काहीसा अंगावर येणारा. 'नोराथा' म्हणजे कोंबडीचे पिल्लू, वसंतातली केनारीची फुले. 'नुरॉथा' म्हणजे जुन्या वहीची पाने, चहाने डागळलेले दात, आणि कापणीला आलेले भाताचे शेतही. 'हायाथा' म्हणजे पहिला बर्फ, 'हॉयॉथा' म्हणजे म्हाताऱ्याची दाढी किंवा धुळीने माखलेले केस. 'फाराथा' निरभ्र आकाश, तर 'फॉरॉथा' मार लागलेल्या जागेचा निळा. स्वरांची ही दोन घराणी आहेत, उजळ आणि गडद, आणि ती रंगांपुरती नाहीत. पाण्याच्या आवाजापासून चालण्याच्या ढबीपर्यंत सगळ्या अनुकरणवाचक शब्दांत ती आढळतात.

हा विचार खुद्द लिपीत कोरलेला आहे. राजा सेजोंगने 1443 मध्ये हांगुल ही नवी लिपी सिद्ध केली आणि 1446 मध्ये ती प्रजेसाठी जाहीर झाली, तेव्हा सोबतच्या विवरणग्रंथात स्वरांची यिन आणि यांग अशी विभागणी समजावून दिली होती. 'आ'साठी उभ्या रेघेच्या उजवीकडे ठिपका, म्हणजे बाहेरच्या बाजूला, तो यांग. 'ऑ'साठी ठिपका डावीकडे, आतल्या बाजूला, तो यिन. ठिपक्यांच्या आता आखूड रेघा झाल्या आहेत, पण जागा त्याच आहेत. त्यामुळे 'प्पालगाथा' आणि 'प्पॉलगॉथा' हे शब्द हांगुलमध्ये शेजारी शेजारी लिहिले, की एकाच्या रेघा उजवीकडे उघडलेल्या आणि दुसऱ्याच्या डावीकडे वळलेल्या दिसतात. वर्गात फळ्यावर मी ही जोडी लिहिते आणि काही क्षण कुणी काही बोलत नाही.

मराठी माणसाला हे परके वाटायचे कारण नाही. आपण स्वर बदलत नाही, शेपूट जोडतो. पांढराशुभ्र सदरा असतो आणि पांढराफटक चेहरा असतो. यांची अदलाबदल कुणी करत नाही. काळेभोर डोळे, काळाकुट्ट अंधार. लालबुंद टोमॅटो वेगळा, लालभडक लुगडे वेगळे. हिरवेगार शेत आणि हिरवट पाणी यांत तर आवड आणि किळस यांचे अंतर आहे. म्हणून या पुस्तिकेत मी जमेल तिथे कोरियन शब्दासमोर नुसते 'पांढरा' असे न लिहिता 'पांढराशुभ्र' किंवा 'पांढराफटक' लिहिले आहे. शब्दाला शब्द प्रत्येक ठिकाणी बसणार नाही. पण मराठी कान आधीच तयार आहे आणि त्याचा उपयोग करून न घेणे हे शिकवणाऱ्याचे आळशीपण ठरेल.

तीव्रता वाढवायची तर कोरियन शब्दाच्या पुढे उपसर्ग लागतो, आणि तोही घराणे पाहून. उजळ स्वरांपुढे 'से', गडद स्वरांपुढे 'शी'. 'सेप्पालगाथा' लालबुंद, 'शीप्पॉलगॉथा' रसरसत्या निखाऱ्याचा किंवा आगीच्या लोळाचा लाल. पिवळ्यापुढे उपसर्गाला आणखी एक व्यंजन चिकटते: 'सेन्नोराथा', 'शिन्नुरॉथा'. 'शीफॉरॉथा' या शब्दाला तर आपला 'काळानिळा' तंतोतंत बसतो, मार खाऊन काळेनिळे पडण्यातला. उलट दिशेने, रंग फिका करायचा तर 'पुलगुसुरुमहादा' म्हणजे लालसर, 'फुरुसुरुमहादा' म्हणजे निळसर. विखुरलेला रंग दाखवायचा तर जोडशब्द येतो. अंकुरांनी हिरवळलेली जमीन 'फारुत-फारुत', पानगळीतला डोंगर 'उलगुत-प्पुलगुत', आणि आमच्या आजींचा तो तवा.

पण एक सावधगिरी. या शब्दांत व्यंजनाचाही वाटा असतो. 'पुल' म्हणजे आग, 'फुल' म्हणजे गवत आणि 'प्पुल' म्हणजे शिंग. तीन वेगवेगळे प, तीन वेगळे शब्द. लाल असणे याचे जुने रूप 'पुकता' (लाल वस्तू म्हणताना 'पुलगुन') हे आगीच्या 'पुल'शी आणि हिरवे-निळे असण्याचे 'फुरुदा' हे गवताच्या 'फुल'शी जोडले जाते. मराठी विद्यार्थ्यांना प आणि फ यांतला फरक जन्मापासून येतो, ही आपली जमेची बाजू. पण ओठांत धरून, श्वास न सोडता उच्चारायचा तो आवळलेला 'प्प' मुद्दाम घोटावा लागतो. 'पालगाथा' आणि 'प्पालगाथा' दोन्ही लालच, दुसरा अधिक ठसठशीत. इथे उच्चारातली हलगर्जी म्हणजे रंगातली हलगर्जी.

निळ्या-हिरव्याचा प्रश्न प्रत्येक वर्गात निघतो, आणि निघालाच पाहिजे. रस्ता ओलांडताना आजी माझा हात धरून "फारानबुल!" म्हणायच्या. शब्दशः निळा दिवा. समोर दिवा हिरवाच असे. कायद्याच्या भाषेत तो 'नोकसेक', हिरवाच आहे, पण बोलताना लोकांच्या तोंडी निळाच येतो. 'फुरुदा' डोंगरालाही लागतो आणि समुद्रालाही. चिनी अक्षरातून आलेला 'छॉंग' असाच रुंद आहे. 'छॉंगसान' म्हणजे हिरवा डोंगर, 'छॉंगफोदो' म्हणजे हिरवी द्राक्षे, तर अनेक दशके राष्ट्राध्यक्षांचे निवासस्थान राहिलेले 'छॉंगवादे' निळ्या कौलांवरून ओळखले जाते. कोर्यो या जुन्या कोरियन राजवटीच्या काळातली जगप्रसिद्ध भांडी 'छॉंगजा' म्हणवतात, आणि त्यांचा रंग मात्र राखाडीवर झुकलेला, पाण्याच्या तळाशी दिसावा तसा हिरवा आहे. चीनच्या सोंग राजवटीच्या दूतमंडळातून 1123 मध्ये कोर्योला आलेल्या शू जिंगने नोंदवून ठेवले आहे की इथले लोक या रंगाला 'पीसेक' म्हणतात, म्हणजे हिरव्या जेडचा रंग. चिनी पाहुण्याला जो रंग नुसता 'छिंग' (म्हणजे तोच 'छॉंग') दिसला, त्याला घडवणाऱ्यांनी स्वतःचे नाव दिले होते. कोरियन लोकांना निळा-हिरवा वेगळा दिसत नाही, असा निष्कर्ष कृपा करून कुणी काढू नये. दिसतो, आणि हिरव्यासाठी 'छोरोक' हा शब्दही रोजच्या वापरात आहे. 'फुरुदा'मध्ये रंगछटेपेक्षा ताजेपणाला, जिवंतपणाला अधिक मान आहे, इतकेच.

पाचांपलीकडचे रंग शिकायला सोपे आहेत, त्यांच्यावर मी फार पाने खर्च केलेली नाहीत. ते नामे आहेत, मागे 'सेक' म्हणजे रंग जोडायचा आणि झाले. त्यांची नावे मात्र रमण्यासारखी आहेत. आपला राखाडी राखेवरून आला, त्यांचा 'ह्वेसेक'ही राखेवरूनच. आपला आकाशी, त्यांचा 'हानुलसेक'. कोवळ्या हिरव्यासाठी आपण पोपटाकडे पाहिले, त्यांनी कोवळ्या कडधान्याकडे, म्हणून 'यॉन्दुसेक'. आपण बदामाकडे, ते चेस्टनटकडे. आणि जांभळ्यासाठी आपण झाडाखाली जांभळे वेचत असताना ते ससाण्याकडे पाहत होते. 'पोरासेक'मधला 'पोरा' मंगोल भाषेतून, कोर्योवर मंगोलांचे वर्चस्व असतानाच्या ससाणे पाळण्याच्या शौकाबरोबर आला असे भाषेचे अभ्यासक मानतात. 'पोरामे' म्हणजे शिकारीसाठी तयार केलेला एक वर्षाच्या आतला ससाणा, आणि कोरियाने अलीकडे बनवलेल्या केएफ-21 लढाऊ विमानाचे नाव तेच आहे.

एका नावाची हकिगत मात्र सविस्तर सांगितली पाहिजे. खडूंच्या पेटीत फिकट नारिंगी छटेचा एक खडू असतो. त्याचे नाव होते 'सालसेक', कातडीचा रंग. 2001 मध्ये परदेशी कामगारांनी राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे तक्रार केली की एकाच वर्णाला 'कातडीचा रंग' म्हणणे हा भेदभाव आहे. आयोगाला ते पटले आणि 2002 मध्ये सरकारी मानकात नाव बदलून 'यॉन्जुह्वांग' झाले. मग 2004 मध्ये शाळकरी मुलांनी तक्रार केली: हे चिनी अक्षरांचे नाव लहान मुलांना कळत नाही, हाही अन्यायच आहे. 2005 मध्ये ते 'सालगुसेक' झाले, जर्दाळूचा रंग. मला या कथेतली मुले फार मोलाची वाटतात. आपल्या दुकानांतही 'स्किन कलर'चे लेगिंग आणि पट्ट्या मिळतात, आणि ती कुणाची स्किन, असे विचारणारा तक्रार अर्ज आपल्याकडच्या मुलांनी अजून लिहायचा आहे.

लाल रंगाविषयी थोडे अधिक, कारण इथे शब्दाची निवड चुकली तर अर्थही दुखावतो. 1950 ते 53 च्या कोरियन युद्धाच्या आगेमागे दक्षिणेत 'प्पालगेंगी', लालवाला म्हणजे कम्युनिस्ट, ही भयंकर शिवी झाली. तो शिक्का बसलेल्या माणसांची आयुष्ये उद्ध्वस्त झाली. फुटबॉलच्या राष्ट्रीय संघाच्या समर्थकांनी स्वतःला लाल भुते म्हणवून घेतले तेव्हा निवडले ते जुने, भारदस्त रूप: 'पुलगुन आंगमा'. 2002 च्या विश्वचषकात लाल सदरे घातलेल्या गर्दीने सोलचे चौक भरून गेले, आणि त्या उन्हाळ्याने लाल रंगाचे ओझे बरेच हलके केले, असे पुष्कळजण सांगतात. उगवता सूर्य, रक्त, संध्याकाळचे ढग यांना 'पुलगुन' शोभतो. बादली, टोपी, मिरची यांना 'प्पालगान'.

असाच भेद पांढऱ्यात आहे आणि तो मी एका पुस्तकाच्या नावावरून शिकले. 2024 चे नोबेल मिळालेल्या हान कांग यांचे 2016 चे पुस्तक आहे 'हिन'. इंग्रजीत त्याचे 'द व्हाइट बुक' झाले. नाव 'हायान' नाही, 'हिन' आहे. पहिल्यात नुसती स्वच्छता आहे, दुसऱ्यात जन्म आणि मरण दोन्ही मिसळलेले आहेत, असा फरक लेखिकेने स्वतःच केला आहे. बाळाचे दुपटे आणि प्रेताचे वस्त्र यांचा पांढरा. शिवाय 'हिन' हे नामापूर्वी येणारे रूप आहे. त्याच्या पुढे काहीतरी यायला हवे आणि मुखपृष्ठावर ते आलेले नाही. त्या रिकाम्या जागेसह हे नाव मराठीत कसे आणायचे यावर मी अनेक रात्री घालवल्या आहेत. पांढरा, पांढरी की पांढरे? मराठीला आधी लिंग ठरवावे लागते, म्हणजे पुढे काय येणार ते ठरवावे लागते, आणि तिथेच ते दार बंद होते. 'शुभ्र' म्हणावे तर लिंगातून सुटका होते, पण त्यात प्रेताचे वस्त्र मावत नाही. उत्तर माझ्याजवळ नाही. या पुस्तिकेतल्या पांढऱ्याच्या प्रकरणाला मी 'हिन' हेच नाव ठेवले आहे.

वाक्प्रचारांचे प्रकरण शेवटी आहे, पण अधीर वाचकांनी तिथूनच सुरुवात केली तरी हरकत नाही. धडधडीत खोटे तिकडे 'लालबुंद खोटे' असते. आपल्या डोळ्यांपुढे काजवे चमकतात तेव्हा कोरियन माणसाचे आकाश पिवळे होते. साफ विसरणे म्हणजे काळेभोर विसरणे. परीक्षेत काही आठवेनासे झाले की डोके पांढरे पडते, आणि जागून काढलेली रात्रही पांढरीच. ओठ पिळले तर दूध निघेल अशा तरुणाला ते निळाशार म्हणतात. यात पुन्हा तो 'फुरुदा'चा ताजेपणा आहे, फक्त इथे रागाने उच्चारलेला. हे वाक्प्रचार घोकू नका. मालिकेत, गाण्यात, बसमध्ये कुणाच्या तोंडी भेटले की समासात तारीख टाका. ज्या प्रसंगात शब्द भेटला तो प्रसंग लक्षात राहिला की शब्दही टिकतो.

उच्चारांविषयी एक सूचना. इथे सर्व शब्द देवनागरीत, ऐकू येतात त्याच्या जवळपास लिहिले आहेत. 'ऑ'चा कोरियन उच्चार आपल्या 'ऑ'पेक्षा थोडा आत, ओठ कमी गोल करून होतो. 'उ' दोन आहेत, एक ओठ गोल करून आणि एक ओठ ताणून, आणि देवनागरीत ते मला वेगळे दाखवता आलेले नाहीत. म्हणून पहिल्या आठवड्यातच हांगुल शिकून घ्या. त्यासाठी खरोखर आठवडा पुरतो.

आणि पहिल्या पानावर आपले नाव लिहिण्यासाठी एक ओळ आखलेली आहे. ते निळ्या किंवा काळ्या शाईने लिहा. लाल शाईने नाव मेलेल्या माणसाचे लिहितात अशी कोरियात समजूत आहे. जिवंत माणसाचे नाव तिथे कुणी लाल शाईने लिहीत नाही.